लेखकाचे कागद कुठे ठेवावेत? कोल्हापुरातील वारसांसाठी आणि नव्या कार्यकर्त्यांसाठी

कोल्हापूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात लिहित्या माणसांची घरे पुष्कळ आहेत. शिरोडे सोडल्यानंतर वि. स. खांडेकर याच शहरात राहिले, माधव जूलियन यांनी राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले, रणजित देसाई कोवाडचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे आणि आनंद यादव कागलचे. ही सर्वांना ठाऊक असलेली नावे झाली. त्यांच्याखेरीज शाहिरी, नाटक, चित्रपटाचे संवाद, सत्यशोधकी पत्रकारिता, ग्रामीण कथा असे कितीतरी लेखन इथल्या पेठांमध्ये आणि तालुक्यांच्या गावी झाले. त्याचे खर्डे, पत्रे आणि वह्या आजही माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. लेखक गेल्यानंतर काही वर्षांनी जुने घर पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहते, मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली असतात, आणि सामान हलवण्याच्या घाईत ही ट्रंक रद्दीच्या गाडीवर चढते. छापलेले पुस्तक कुठल्यातरी ग्रंथालयात उरते; हस्तलिखिताची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

अशा कागदांचे काय करावे, हे ज्यांना प्रथमच ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. कागद अशा ठिकाणी जावेत, जिथे घराशी काहीही नाते नसलेला वाचक अर्ज करून ते मागू शकेल आणि त्याच दिवशी टेबलावर बसून वाचू शकेल. ते शक्य तोवर फुटू नयेत. आणि या दोन्ही अटी पाळणारी जागा लेखकाच्या मुलखातच मिळत असेल, तर त्यांना लांब पाठवू नये. पुढील प्रत्येक पायरी या मतावर आधारलेली आहे.

पहिली पायरी : घरातल्यांचे एकमत

लेखकाने मृत्युपत्र केले असेल, तर त्यात कागदांविषयी काय म्हटले आहे ते आधी पाहावे. मृत्युपत्र नसेल, तर कागद सर्व वारसांचे असतात, त्यामुळे एका भावाने परस्पर दिलेली ट्रंक पुढे भांडणाचे कारण होते. सर्व वारसांनी एका साध्या संमतीपत्रावर सह्या कराव्यात आणि संस्थांशी बोलण्यासाठी आपल्यापैकी एकाच व्यक्तीला अधिकार द्यावा. परदेशी असलेल्या बहिणीची सही ई-मेलने का होईना, पण या टप्प्यावरच घ्यावी.

दुसरी पायरी : क्रम मोडू नका, काही टाकू नका

बहुतेक जण पहिल्याच दिवशी पत्रे एकीकडे, वह्या दुसरीकडे आणि कात्रणे तिसरीकडे अशी वर्गवारी लावायला बसतात. ते कळकळीनेच बसतात, पण हे टाळायला हवे. समजा, एका खाकी पाकिटात कथेचा खर्डा आहे. त्याला दिवाळी अंकाच्या संपादकांचे पोस्टकार्ड टाचणीने लावलेले आहे. कार्डावर शेवट आटोपता घेण्याची सूचना आहे. आणि खर्ड्याच्या अखेरच्या दोन पानांवर निळ्या शाईने काट मारून समासात वेगळा शेवट लिहिलेला आहे. हे कागद एकत्र असतील तोवर कथेचा शेवट कसा आणि का बदलला हे कोणालाही दिसते. कार्ड पत्रांच्या ढिगात गेले की तो संबंध तुटतो, आणि नंतर कितीही विद्वान अभ्यासक आला तरी त्याला तो जोडता येत नाही. लेखकाने कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम हाही त्याच्या कामाचाच पुरावा असतो, म्हणून जगभरचे अभिलेखपाल मूळ क्रम राखण्याचा आग्रह धरतात. कपाटाचा प्रत्येक खण आणि ट्रंकेचा प्रत्येक थर हलवण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा; पुढे शंका आली तर तो उपयोगी पडतो.

काय ठेवावे, याचे उत्तर सोपे आहे: सध्या सगळे ठेवावे. खर्डे, पक्क्या प्रती, दुरुस्त्या केलेली मुद्रिते, रोजनिशा, आलेली पत्रे आणि पाठवलेल्या पत्रांच्या नकला यांचे मोल लगेच कळते. मात्र प्रकाशकाचे मानधनाचे हिशेब, जमाखर्चाच्या वह्या, सभांच्या निमंत्रणपत्रिका, परीक्षकाच्या कामाची टिपणे आणि समासात शेरे असलेली स्वतःची पुस्तके हेही तितकेच मोलाचे असते. आपल्याकडे काटकसरीने लिहिणाऱ्या पिढीने पाठकोऱ्या कागदांवर फार लिहिले आहे. लग्नपत्रिकेच्या किंवा वीजबिलाच्या कोऱ्या बाजूला कवितेचा पहिला खर्डा सापडणे ही अपवादात्मक गोष्ट नाही, त्यामुळे प्रत्येक कागद उलटून पाहावा. जुन्या पिढीच्या वह्या मोडीत असतील, तर वाचता येत नाहीत म्हणून त्या बाजूला सारू नयेत. कोल्हापूर संस्थानचे दप्तर मोठ्या प्रमाणावर मोडीत असल्याने मोडी वाचणारी माणसे या शहरात आजही मिळतात.

लेखकाचे अत्यंत खासगी कागद, म्हणजे आजारपणाची पत्रे किंवा कौटुंबिक कलहाचा मजकूर, जाळून टाकावेत का, असा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. जाळू नयेत. ते वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून ठराविक वर्षांसाठी बंद ठेवण्याची सोय करारात करता येते. तिची माहिती पुढे येईल.

तिसरी पायरी : यादी

संस्थेकडे जाण्यापूर्वी यादी हातात असलीच पाहिजे. यादी नसेल तर काय दिले आणि काय पोहोचले हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक कागदाची नोंद करण्याची गरज नाही. पुडक्यागणिक एक ओळ पुरते. ट्रंकेला किंवा खणाला एक क्रमांक द्यावा, त्यातल्या प्रत्येक पुडक्याला पोटक्रमांक द्यावा, आणि त्यापुढे कागदांचा प्रकार, अंदाजे काळ, पानांची किंवा पत्रांची संख्या, भाषा व लिपी, आणि स्थिती लिहावी. नमुन्यादाखल एक ओळ अशी होईल: «ट्रंक २, पुडके ५ : संपादकांची पत्रे, १९५८ ते १९६४, मराठी, सुमारे ४० पत्रे, टाचण्यांचा गंज, दोन पत्रांना कसर». क्रमांक पुडक्याच्या वेष्टनावर, आणि कागदावरच लिहावा लागला तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहावा. बॉलपेन, स्केचपेन किंवा चिकटपट्टी वापरू नये.

यादी करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे, असे मी आवर्जून सुचवेन. पत्राखाली नुसते «तुझा, बापू» असे असते. तो बापू म्हणजे कोण, हे आज काकू सांगू शकतात. वीस वर्षांनी कोणीही सांगू शकणार नाही. त्या सांगतील ती माहिती यादीतल्या शेऱ्यात, त्यांच्या नावासह, लिहून ठेवावी.

चौथी पायरी : संस्था ठरेपर्यंतची राखण

संस्था ठरायला सहा महिने लागतात, कधी दोन वर्षेही लागतात, आणि त्यात एखादा पावसाळा जातोच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागदाला दमटपणाचा धोका सर्वात मोठा असतो. साठ्याच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के आणि तापमान २० ते २४ अंश असावे, असे सांगितले जाते. घरात हे साधत नाही, पण त्याच्या जवळ जाता येते. कागद तळमजल्यावर ठेवू नयेत, स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, आणि पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरही ठेवू नयेत. लोखंडी कपाट चांगले. ते भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून थोडे उंच असावे. लाकडी कपाटाला वाळवीचे भय असते.

टाचण्या, पिना आणि क्लिपा हलक्या हाताने काढाव्यात, कारण गंजलेली टाचणी कागदावर तांबडा डाग पाडते आणि पुढे त्या जागी कागद कुजून भोक पडते. काढलेल्या टाचणीच्या जागी ते कागद एका दुमडलेल्या स्वच्छ पांढऱ्या कागदात एकत्र ठेवावेत, म्हणजे त्यांची सोबत सुटत नाही. रबरबँड विरघळून चिकटतात, तेही काढावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि कशाचेही लॅमिनेशन करू नये. दोन्हींमुळे झालेले नुकसान भरून काढणे तज्ज्ञालाही अवघड जाते. वर्तमानपत्राची कात्रणे चांगल्या कागदांपासून वेगळी करून मध्ये पांढरा कागद घालावा, कारण वृत्तपत्राचा कागद आम्लधर्मी असतो आणि शेजारचे पानही पिवळे पाडतो. आम्लविरहित खोके मिळाले तर उत्तम. ते मिळेपर्यंत धुऊन वाळवलेल्या मांजरपाटात पुडके सैलसर बांधावे. जुन्या दप्तरांचे रुमाल असेच बांधलेले असत, आणि त्या पद्धतीत कापड दमटपणा शोषून घेते व कागदाला हवाही मिळते. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मात्र आतला ओलावा अडकून बुरशी धरते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुस्तकांना ऊन दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. हस्तलिखिते थेट उन्हात ठेवू नयेत, कारण शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. कोरड्या दिवशी सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर ती उघडून ठेवली की पुरे. कीटकनाशक कागदावर फवारू नये. डांबराच्या गोळ्यांवर फार विसंबू नये. कपाट स्वच्छ, कोरडे आणि महिन्यातून एकदा तपासलेले असणे हाच कसर-झुरळांवर खरा उपाय आहे.

आता पुराविषयी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीने ती बरीच ओलांडली. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या घरात किंवा गल्लीत पाणी आले असेल, तर मृग लागण्यापूर्वीच कागद उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावेत. तरीही कागद भिजलेच, तर दोन दिवसांच्या आत बुरशी धरू लागते, हे लक्षात ठेवावे. थोडे कागद असतील तर पांढऱ्या टिपकागदांमध्ये घालून सावलीत वाळवावेत आणि टिपकागद वारंवार बदलावेत. पुष्कळ असतील तर पाने सुटी करण्याचा प्रयत्न न करता लहान लहान गठ्ठे पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये किंवा शीतगृहात गोठवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि संवर्धकाला बोलावण्यासाठी वेळ मिळतो. इस्त्री किंवा हेअर ड्रायर अजिबात वापरू नये.

पाचवी पायरी : कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क

या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि वारसांचे सर्वात जास्त गैरसमज इथेच होतात. खांडेकरांनी आपल्या आजोबांना लिहिलेले पत्र आपल्या ट्रंकेत असेल, तर तो कागद आपला आहे आणि तो आपण कोणत्याही संस्थेला देऊ शकता; पण त्यातला मजकूर छापण्याचा हक्क खांडेकरांच्या वारसांकडे आहे. आपल्या आजोबांनी इतरांना लिहिलेल्या पत्रांबाबत याच्या उलट स्थिती असते: कागद दुसऱ्यांच्या घरी, मजकुराचा हक्क आपल्याकडे.

स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ च्या अखेरीपर्यंत आहे; माधव जूलियन १९३९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीतले लेखन केव्हाच खुले झाले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाचा हिशेब वेगळा असतो आणि तिथे ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणजे ट्रंकेतली अप्रकाशित कादंबरी जुनी असली तरी तिचा हक्क संपलेला नसतो. लेखकाने मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित दिले असेल आणि मृत्युपत्रात वेगळे काही म्हटले नसेल, तर त्या हस्तलिखिताबरोबर त्याचा स्वामित्वहक्कही त्या व्यक्तीकडे जातो. मात्र आपण संस्थेला कागद भेट देतो तेव्हा स्वामित्वहक्क आपोआप जात नाही. तो द्यायचा असेल तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. माझा सल्ला असा की कागद द्यावेत, हक्क आपल्याकडे ठेवावा, पण अभ्यासकांना वाचण्याची, टिपणे घेण्याची आणि अवतरणे देण्याची मोकळीक लेखी द्यावी.

कागद ७५ वर्षांहून जुने आणि वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचे असतील, तर ते १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत, ही बाबही ध्यानात असावी.

सहावी पायरी : जागा निवडणे

कोल्हापुरात पहिला विचार शिवाजी विद्यापीठाचा करावा. १९६२ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ शहराबाहेरच्या उंच माळावर असल्याने पुराची भीती नाही. तिथे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय आहे आणि मराठी विभागात सतत संशोधक विद्यार्थी असतात. खांडेकरांच्या स्मृतींचे संग्रहालयही याच परिसरात आहे, त्यामुळे लेखकाच्या वारशासाठी काम करण्याची परंपरा तिथे नव्याने निर्माण करावी लागत नाही. कागदांना वाचक हवे असतात, आणि ज्या आवारात दरवर्षी कोणीतरी प्रबंधासाठी विषय शोधत असते, तिथे वाचक आपणहून येतात.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. शहरातल्या वाचकाचे पाऊल सहज वळते अशी ती जागा आहे. लेखकाचा ग्रंथसंग्रह, दुर्मीळ मासिकांचे अंक आणि दिवाळी अंकांच्या फायली यांचा विचार इथे प्रथम करावा. हस्तलिखिते द्यायची असतील, तर ती देवघेवीच्या पुस्तकांपासून वेगळी, कुलपात आणि फक्त जागेवर वाचण्यासाठी राहतील का, हे आधी बोलून घ्यावे.

राज्य शासनाच्या पुराभिलेख खात्याचे कोल्हापुरातही कार्यालय आहे आणि संस्थानकालीन दप्तर तिथे आहे. कादंबरीकाराच्या खर्ड्यांसाठी मी या जागेचा आग्रह धरणार नाही. परंतु ज्यांचे लेखन चळवळीशी जोडलेले आहे अशांचे, म्हणजे सत्यशोधक कार्यकर्ते, संस्थानात लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या प्रजा परिषदेतले लेखक, संस्थानी काळातले संपादक यांचे कागद तिथे ठेवले, तर त्यांच्यावर सरकारने त्या काळी काय टिपले आणि त्यांनी स्वतः काय लिहिले हे एकाच छपराखाली पडताळून पाहता येते. भाई माधवराव बागलांसारख्या, लेखणी, कुंचला आणि चळवळ एकाच हाताने चालवणाऱ्या माणसांच्या बाबतीत हा विचार महत्त्वाचा ठरतो.

साहित्य संस्था, महाविद्यालये आणि तालुक्याची वाचनालये यांच्याबाबत सरसकट बोलता येत नाही. तिथे आस्था भरपूर असते आणि एखादा अध्यक्ष किंवा प्राध्यापक जीव ओतून काम करतो. पण तो निवृत्त झाल्यावर कपाटाची किल्ली कोणाकडे जाते, हे विचारलेच पाहिजे. लेखकाच्या नावाने घरातच स्मारक आणि न्यास करण्याची कल्पनाही भावते. रणजित देसाईंचे कोवाड किंवा खांडेकरांचे शिरोडे पाहायला वाचक आवर्जून जातात आणि जावेत. मात्र स्मारक आणि दप्तर यांची कामे वेगळी आहेत. स्मारकात चष्मा, लेखणी, मानपत्रे आणि पत्रांच्या प्रती मांडाव्यात. मूळ पत्र काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे उजेडाखाली ठेवले तर शाई फिकी पडून शेवटी वाचण्यासारखे काही उरत नाही.

कोल्हापूरबाहेरचे पर्यायही आहेत. पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करत आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे. आणि राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक जीवन जगलेल्या व्यक्तींचे खासगी कागद दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार स्वीकारते. लेखकाचा पत्रव्यवहार, प्रकाशक आणि आयुष्याचा मोठा भाग पुण्या-मुंबईचा असेल, तर तिकडे देणे रास्त आहे. परदेशातील विद्यापीठांकडे साठवणीची साधने उत्तम आहेत. मुंबईच्या कवींच्या कागदांचा एक संग्रह अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि तिथे तो नीट राखला जातो याचा मला आनंदच आहे. पण राधानगरीच्या किंवा गडहिंग्लजच्या विद्यार्थ्याला एसटीने येऊन सायंकाळी घरी परतता येईल अशा जागी कागद असणे मला अधिक मोलाचे वाटते. इथली बोली, इथली नावे आणि इथले संदर्भ ज्याला मुळातून कळतात, तो वाचक बहुधा इथेच राहणारा असतो. रवींद्रनाथांची हस्तलिखिते शांतिनिकेतनच्या रवींद्र भवनात आहेत; लेखकाच्या कर्मभूमीत कागद सांभाळता येतात याचे ते मोठे उदाहरण आहे.

कोणत्याही संस्थेत गेल्यावर केवळ पदाधिकाऱ्यांच्या दालनात बसून चहा घेऊन परत येऊ नये. साठ्याची खोली पाहावी. कागद कोणत्या मजल्यावर आहेत, छताला ओल आहे का, विजेच्या तारा उघड्या आहेत का, अग्निशामक नळकांडे मुदतीतले आहे का, २०१९ मध्ये इमारतीत पाणी आले होते का, हे विचारावे. आधी दान मिळालेल्या एखाद्या लेखकाचे बाड वाचायला मागावे, कारण माझ्या मते सर्वात खरी परीक्षा हीच आहे. ते यादीत सापडले आणि थोड्या वेळात समोर आले, तर आपले कागदही तसेच समोर येतील. «ते अजून लावायचे आहे, पुढच्या महिन्यात या» असे उत्तर मिळाले, तर तिथली इमारत कितीही भव्य असली तरी घाई करू नये.

कागद विकावेत का, असेही विचारले जाते. कुटुंबाला पैशाची गरज असेल तर संस्थेकडे मोबदला मागण्यात गैर काही नाही. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला मात्र देऊ नयेत, कारण तो प्रसिद्ध सही असलेली पत्रे वेगळी काढतो आणि उरलेले रद्दीत जाते. याच कारणाने, दोन संस्थांना खूश ठेवण्यासाठी अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे अशी वाटणीही करू नये. मूळ कागद एकीकडे आणि प्रती दुसरीकडे, ही वाटणी योग्य.

सातवी पायरी : दानपत्र

जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, त्यामुळे दानपत्राची नोंदणी कायद्याने अनिवार्य नाही. तरीही लेखी दानपत्राशिवाय एक कागदही हलवू नये. विद्यापीठाच्या बाबतीत ग्रंथपालांचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही, कुलसचिवांच्या सहीचे पत्र घ्यावे. सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत कार्यकारिणीचा ठराव घ्यावा. दानपत्राला पूर्ण यादी जोडलेली असावी आणि प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. संग्रह लेखकाच्या नावाने एकत्र राहील, तो विकला किंवा विभागला जाणार नाही, आणि संस्था बंद पडली किंवा तिला तो सांभाळता आला नाही तर कागद कुटुंबाकडे किंवा नाव घेऊन सांगितलेल्या दुसऱ्या संस्थेकडे जातील, हे स्पष्ट लिहावे. दुबार प्रती परत हव्या आहेत की नाही तेही लिहावे. किती दिवसांत सूची तयार होईल आणि वाचकांना कागद केव्हा खुले होतील, याची मुदत घालावी.

खासगी कागदांवरची बंदी नेमकी असावी. «कुटुंबाच्या परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नये» अशी बेमुदत अट घालू नये. तीस वर्षांनी परवानगी देणारे कोणी उरत नाही आणि कागद कायमचे कुलपात अडकतात. त्याऐवजी अमुक पुडके अमुक वर्षाच्या १ जानेवारीला खुले होईल, असे वर्ष लिहावे. पत्रांत उल्लेख असलेल्या हयात व्यक्तींचा विचार करून ते वर्ष ठरवावे.

आठवी पायरी : प्रती आणि संगणकातले लेखन

कागद देण्यापूर्वी त्यांच्या प्रतिमा घ्याव्यात. हस्तलिखितासाठी ४०० ते ६०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) आणि रंगीत स्कॅन घ्यावे, कारण काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये लाल शाईची दुरुस्ती आणि मूळ निळी शाई यांतला फरक नाहीसा होतो. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवाव्यात आणि वाचण्यासाठी त्यावरून पीडीएफ करावी. प्रत्येक फाइलच्या नावात यादीतला ट्रंक व पुडक्याचा क्रमांक असावा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक कोल्हापूरबाहेर, असा नियम पाळावा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली, हे पाहिल्यानंतर एकाच इमारतीवर भरवसा ठेवणे योग्य नाही. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून देणे मात्र अक्षम्य आहे.

नव्वदीनंतर लिहिणाऱ्यांचे कागद कमी आणि फाइली जास्त असतात. त्या काळातले मराठी लेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटमध्ये आहे आणि आजच्या संगणकावर ते उघडले तर निरर्थक अक्षरे दिसतात. अशा फाइली खराब समजून पुसू नयेत. जुना संगणक, फ्लॉपी, सीडी आणि फाँटच्या मूळ सीडी हे सर्व एकत्र ठेवावे, मूळ फाइल जशीच्या तशी राखावी, आणि तिची एक युनिकोड प्रत करून शुद्धलेखन मुद्दाम तपासावे, कारण परिवर्तनात जोडाक्षरे हमखास बिघडतात. ध्वनिफिती असतील तर त्यांचे अंकीकरण आधी उरकावे. चुंबकीय फीत कागदापेक्षा लवकर निकामी होते.

नववी पायरी : कागद पोहोचल्यानंतर

कागद स्वतः सोबत जाऊन पोहोचवावेत आणि यादीशी पुडकी ताडून, संग्रहाचा दाखल क्रमांक लिहिलेली पोच त्याच दिवशी घ्यावी. यादीची एक प्रत घरी, एक लेखकाच्या प्रकाशकाकडे आणि एक मराठीच्या कोणत्याही विद्यापीठ विभागाकडे द्यावी, म्हणजे संग्रह कुठे आहे हे अभ्यासकांना कळते. ज्यांच्या घरी आपल्या लेखकाची पत्रे असण्याची शक्यता आहे अशा कुटुंबांनाही कळवावे; अनेक जण आपल्याकडची पत्रे त्याच संग्रहात आणून देतात. त्यानंतर वर्षातून एकदा, शक्यतो ऑगस्टमध्ये पाऊस भरात असताना, सामान्य वाचकाप्रमाणे अर्ज भरून आपल्याच यादीतले एखादे पुडके वाचायला मागावे. पुडके ओलसर लागले किंवा मिळालेच नाही, तर ग्रंथपालांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि अर्जाची पोच दानपत्राच्या फायलीला लावून ठेवावी.